ड्राइव्ह सुरू झाला की थर्मोकपलचं रीडिंग का चढतं, आणि फिल्टर नेमका कुठे बसवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. के-टाइप थर्मोकपल (तापमानानुसार मायक्रोव्होल्ट देणारा सेन्सर), भट्टीपासून पॅनेलपर्यंत १२ मीटर केबल, पॅनेलमध्ये एडी६२० या अँप्लिफायर आयसीवर १०० गेन (शंभरपट वाढ), पुढे १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरडचे आरसीचे, म्हणजे रेझिस्टर-कपॅसिटर फिल्टरचे, दोन टप्पे, आणि तिथून ३० सेंटिमीटर वायरने वेगळ्या बोर्डावरच्या एटीमेगा३२८ मायक्रोकंट्रोलरच्या १० बिट एडीसीला (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाला). दर मिलिसेकंदाला एक सँपल, शंभर सँपलची सरासरी. ब्लोअरचा ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारा) बंद असताना सगळं ठीक. ४ किलोहर्ट्झ कॅरियरचा (चालू-बंद होण्याच्या फ्रीक्वेन्सीचा) तो ड्राइव्ह सुरू झाला की रीडिंग ८ ते १० अंशांनी चढतं आणि तिथेही स्थिर न राहता तीन-चार सेकंदांच्या लयीत दोन-तीन अंश खालीवर होत राहतं. १ मायक्रोफॅरडच्या जागी १० लावले तर रीडिंग फक्त मंद झालं, चूक तेवढीच राहिली. एडी६२० च्या आउटपुटवर थेट १०० नॅनोफॅरड लावला तर ऑसिलेशन सुरू झालं. आता कुठला फिल्टर लावू? सॅलेन-की (ऑप-अँप वापरून केलेला फिल्टर) लावू का?

तुम्ही दिलेल्या माहितीतच अर्धं उत्तर आहे. कपॅसिटर दहापट केला आणि चूक तसूभरही हलली नाही, म्हणजे ही चूक फिल्टरच्या कक्षेत येतच नाही. ती फिल्टरच्या आधी तयार होते किंवा फिल्टरला वळसा घालून येते. तुमच्याकडे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत आहेत. चढलेले ८ अंश हे एक दुखणं आणि ती संथ लय हे दुसरं. दोन्हीचं मूळ ड्राइव्हमध्ये असलं तरी वाटा वेगळ्या आहेत, म्हणून इलाजही वेगळे.

आधी हिशोबाची एक दुरुस्ती सांगून टाकतो, ती लवकर संपते. १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरडचा कटऑफ, म्हणजे जिच्या वर फिल्टर सिग्नल दाबू लागतो ती फ्रीक्वेन्सी, १५.९ हर्ट्झ, हे बरोबर. पण असे दोन सारखे टप्पे एकामागोमाग थेट जोडले की दुसरा टप्पा पहिल्यातून करंट ओढतो आणि पहिल्याचं गणित बिघडवतो. जोडीचा खरा कटऑफ साधारण ६ हर्ट्झ येतो. मध्ये बफर (सिग्नल तसाच पुढे देणारा अँप्लिफायर) टाकला असता तर १०.२ आला असता. बफर नको असेल तर दुसऱ्या टप्प्यात रेझिस्टर दहापट आणि कपॅसिटर दहावा हिस्सा घेतात, म्हणजे १०० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड, मग पहिल्यावर ओझं पडत नाही. मात्र एवढा मोठा रेझिस्टर एटीमेगाच्या एडीसी पिनच्या थेट मागे ठेवू नका. त्याच्या डेटाशीटमध्ये सोर्सचा इंपिडन्स १० किलोओहम किंवा त्याहून कमी ठेवा असं सांगितलेलं आहे, आणि पिनची लीकेजही मोठ्या रेझिस्टरवर चूक उभी करते. भट्टीच्या तापमानासाठी ६ हर्ट्झ चालतात. तुमचं दुखणं इथे नाही.

आता ते ८ अंश. के-टाइप थर्मोकपल अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतो. म्हणजे एडी६२० च्या इनपुटला कुठूनतरी सव्वातीनशे मायक्रोव्होल्ट डीसी येतं आहे. ड्राइव्ह तर डीसी फेकत नाही, मग ते येतं कुठून? ड्राइव्हमधले आयजीबीटी (स्विचचं काम करणारे ट्रान्झिस्टर) १०० नॅनोसेकंदांच्या आसपास चालू-बंद होतात. एवढ्या खड्या कडेमध्ये ३ मेगाहर्ट्झपर्यंत आणि त्याच्याही पुढे भरपूर ऊर्जा असते, आणि तुमची १२ मीटर केबल ही तिच्यासाठी उत्तम अँटेना आहे. १०० गेनला एडी६२० ची बँडविड्थ १२० किलोहर्ट्झ. त्याच्या वरचं काही तो वाढवू शकत नाही, म्हणून पुष्कळजण समजतात की मेगाहर्ट्झमधला नॉइज आपोआप मरतो. तो मरत नाही. आयसीच्या पहिल्याच ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर जंक्शन म्हणजे शेवटी एक डायोड. त्या फ्रीक्वेन्सीला आतला फीडबॅक त्या डायोडला सरळ ठेवायला पुरत नाही, आणि तो रेडिओच्या डिटेक्टरसारखा आलेल्या नॉइजचं डीसी करून टाकतो. ते डीसी मग इमानदारीत शंभरपट होऊन बाहेर येतं.

दुधात काडी पडली तर गाळून काढता येते. मीठ विरघळलं तर गाळणी कितीही बारीक घ्या, दूध खारटच राहणार. तुमचे दोन्ही आरसी टप्पे मीठ विरघळल्यानंतरची गाळणी आहेत. त्या डीसीत आणि थर्मोकपलच्या डीसीत आता काही फरकच उरलेला नाही. १० मायक्रोफॅरडचे १००० केले तरी ते तसंच पार होईल.

माझ्यावर विश्वास ठेवून पुढे जाऊ नका, तपासून बघा. दहा मिनिटांचं काम आहे. बोटभर लांबीची तांब्याची वायर घ्या. भट्टीच्या टोकाला, थर्मोकपलच्या हेडमध्येच, दोन्ही टर्मिनल त्या वायरने शॉर्ट करा. केबल काँपेन्सेटिंग (थर्मोकपलच्याच गुणधर्माच्या तारांची) असेल तर डिस्प्लेवर आता हेडजवळचं तापमान दिसलं पाहिजे. ड्राइव्ह सुरू करा. रीडिंग तरीही ८ अंश चढलं तर भट्टी आणि सेन्सर सुटले. मग तीच वायर पॅनेलमधल्या टर्मिनल स्ट्रिपवर लावा. इथे पॅनेलचं तापमान दिसायला हवं. पुन्हा ड्राइव्ह सुरू करा. चढ कमी झाला तर केबल दोषी. शेवटी सोल्डरिंग गन घेऊन एडी६२० च्या २ आणि ३ नंबरच्या पिना आयसीच्या अंगाशीच एकमेकींना आणि ग्राउंडला जोडा. इथे शॉर्ट केल्यावर चढ पूर्ण गेला पाहिजे. पाणी कुठे मुरतंय ते या तीन पायऱ्यांत कळतं, आणि त्यासाठी स्कोपही लागत नाही.

हे मी एवढं जोर देऊन सांगतो, त्यामागे एक कारण आहे. कोल्हापूरकडच्या एका कारखान्यात टेम्परिंगच्या भट्टीवर हेच झालं होतं, फक्त तिथे चूक २० अंशांची होती. कंट्रोलरला भट्टी खरी होती त्यापेक्षा २० अंश गरम दिसत होती, म्हणून तो हीटर लवकर तोडत होता आणि माल प्रत्यक्षात कमी तापमानाला टेम्पर होऊन जास्त कडक राहत होता. हार्डनेस वरच्या मर्यादेबाहेर जाऊन लॉट परत येऊ लागले, आणि दोष स्टीलला दिला जात होता. रीडिंग अजिबात नाचत नव्हतं, आणि त्यामुळे नॉइजचा संशय कोणालाच आला नाही. भट्टीवरच्या ऑपरेटरच्या मात्र लक्षात आलं होतं की ब्लोअर बंद केला की आकडा पडतो. त्याचं ऐकून वायरची परीक्षा घेतली आणि अर्ध्या तासात निकाल लागला. नाचणारं रीडिंग निदान सांगतं तरी की काहीतरी बिघडलंय. स्थिर राहून चुकणारं रीडिंग मालात उतरतं.

इलाज असा. फिल्टर एडी६२० च्या आधी हवा, त्याच्या तोंडाशी. दोन्ही इनपुट लाइनींत ४.७ किलोओहमचा एकेक मेटल फिल्म रेझिस्टर, १ टक्क्याचा. रेझिस्टरनंतर दोन्ही लाइनींच्या मध्ये १ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, आणि प्रत्येक लाइनपासून ग्राउंडला १० नॅनोफॅरडचा एकेक. या छोट्या जोडीचं काम दोन्ही तारांवर सारखाच आलेला नॉइज ग्राउंडला नेण्याचं. ती साधारण ३.४ किलोहर्ट्झपासून काम सुरू करते. मधला १ मायक्रोफॅरड दोन तारांमधल्या फरकावर काम करतो, आणि त्याचा कटऑफ सुमारे १७ हर्ट्झ येतो.

मधला कपॅसिटर नुसता फिल्टर म्हणून नाही, त्याला आणखी एक काम आहे. ग्राउंडला जाणारे दोन १० नॅनोफॅरड कधीच तंतोतंत सारखे नसतात. एक ५ टक्के मोठा निघाला की दोन्ही तारांवरचा सारखा नॉइज वेगवेगळा कमी होतो, आणि तो फरक एडी६२० ला खरा सिग्नल वाटतो. म्हणजे नॉइज घालवायला लावलेला फिल्टरच नॉइज आत घेतो. मधला कपॅसिटर हा फरक तिथल्या तिथे शॉर्ट करतो. म्हणून तो बाजूच्यांच्या किमान दहापट घ्यायचा, ही जुनी आणि पक्की रीत. आपण शंभरपट घेतला आहे. मधला कपॅसिटर गाळून बाजूचे दोनच लावलेले बोर्ड मी कितीतरी पाहिले आहेत, आणि ते न लावण्यापेक्षाही वाईट वागतात.

४.७ किलोओहममुळे ऑफसेट वाढेल का, अशी शंका येईल. एडी६२० चा बायस करंट (त्याच्या इनपुटला लागणारा करंट) २ नॅनोअँपिअरच्या आत. दोन्ही बाजूंना रेझिस्टर सारखेच असल्याने त्याची चूक जवळजवळ कटते, उरते ती अंशाच्या दहाव्या भागाएवढी. तुमच्या एडीसीचा एक काउंट (सगळ्यात लहान पायरी) सुमारे १.२ अंशांचा आहे. त्याच्यापुढे ही काहीच नाही.

हा सगळा संच आयसीच्या पायाशी बसवा. कपॅसिटरची लीड किंवा ट्रॅक सेंटिमीटरभर असला की साधारण १० नॅनोहेन्रीचं इंडक्टन्स आलं. १०० नॅनोफॅरडला एवढं इंडक्टन्स जोडलं की तो ५ मेगाहर्ट्झला रेझोनेट होतो आणि त्याच्या वर कपॅसिटर राहतच नाही. पॅनेलच्या दाराशी टर्मिनलवर कपॅसिटर टांगून तिथून लांब हिरवी वायर अर्थला नेलेली मी नेहमी पाहतो. मेगाहर्ट्झला त्या वायरच्या टोकाला ग्राउंड नसतोच.

आणखी एक, जे सर्किटमध्ये दिसत नाही म्हणून राहून जातं. थर्मोकपल शीथपासून (बाहेरच्या धातूच्या नळीपासून) सुटा असेल तर दोन्ही इनपुट हवेत तरंगतात आणि बायस करंटला परतीची वाट नसते. मायनस तारेपासून ग्राउंडला १०० किलोओहम लावा. जंक्शन शीथला वेल्ड केलेलं असेल तर ते आधीच भट्टीच्या अंगाला, म्हणजे अर्थला जोडलेलं आहे; मग तुमचा सिग्नल ग्राउंड दुसऱ्या ठिकाणी अर्थला बांधलेला नाही ना ते पाहा. मल्टिमीटर घेऊन शीथ आणि एका तारेमध्ये कंटिन्यूइटी तपासली की प्रकार कळतो.

आता दुसरं दुखणं: ती तीन-चार सेकंदांची लय. माझ्या मते तुमच्या प्रश्नातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हा आहे. दोन आरसी टप्प्यांनंतर ४ किलोहर्ट्झ साठ हजारपट कमी व्हायला हवेत, मग कॅरियरची सावली रीडिंगवर पडते कशी?

एडीसी पिनवरचा व्होल्टेज मोजतो तो स्वतःच्या ग्राउंडच्या तुलनेत. तुमच्या फिल्टरचे कपॅसिटर मात्र अँप्लिफायर बोर्डाच्या ग्राउंडला बांधलेले आहेत. दोन ग्राउंडांच्या मध्ये ३० सेंटिमीटर वायर, म्हणजे सुमारे ०.३ मायक्रोहेन्री. ड्राइव्हच्या प्रत्येक कडेला तिथून १०० नॅनोसेकंदांत १०० मिलिअँपिअरचा झटका गेला तरी दोन ग्राउंडांत ०.३ व्होल्टचा फरक उभा राहतो. तुमचा एक काउंट ५ मिलिव्होल्टचा. फिल्टरने सिग्नल अगदी स्वच्छ केला, पण ज्या ग्राउंडच्या तुलनेत केला तो ग्राउंड एडीसीचा नाही. दोन ग्राउंडांतला फरक फिल्टरला वळसा घालून सरळ एडीसीत शिरतो.

तिथून पुढचं काम तुमच्या टायमरने केलं. सँपल १ किलोहर्ट्झला, कॅरियर ४ किलोहर्ट्झचा, म्हणजे बरोबर चारपट. प्रत्येक सँपल कॅरियरच्या जवळजवळ त्याच बिंदूवर पडतो. दोन्हींची घड्याळं वेगळी असल्यामुळे ते तंतोतंत जुळत नाहीत. कॅरियर ४००० ऐवजी ४०००.३ हर्ट्झ असला तर तो ०.३ हर्ट्झची लाट होऊन दिसतो, साधारण ३.३ सेकंदांची. आणि शंभर सँपलची सरासरी इथे निरुपयोगी, कारण त्या ०.१ सेकंदात शंभरच्या शंभर सँपल लाटेच्या एकाच भागातून घेतलेले असतात. एकाच माणसाला शंभर वेळा विचारून मत घेतल्यासारखं. हेही मीठ विरघळल्यातलंच: एकदा सँपल झाल्यावर ती लाट आणि खरं तापमान वेगळं करायला सॉफ्टवेअरकडे काही साधन नाही.

खात्री करायला कोडमध्ये एक ओळ बदला. १०० मिलिसेकंदांत १०० ऐवजी ९७ सँपल घ्या. आता सँपलिंग ९७० हर्ट्झ झालं. कॅरियर १२० हर्ट्झवर जाऊन पडतो आणि १०० मिलिसेकंदांत त्याचे पुरे १२ फेरे होतात, म्हणून सरासरीत तो शून्य होतो. लय गायब झाली तर निदान पक्कं. खिडकी मात्र १०० मिलिसेकंदांचीच ठेवा. त्यात ५० हर्ट्झचे बरोबर पाच फेरे बसतात, आणि आपल्या ग्रिडची फ्रीक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात सांभाळली जात असल्याने मेनचा हम पाचशेव्या हिश्श्यापर्यंत खाली जातो. एवढी फुकटची दाबणी कुठलाही आरसी देत नाही.

पण ९७ हा इलाज नाही, ती परीक्षा आहे. उद्या कोणी ड्राइव्हचा कॅरियर बदलला की लय परत येईल. खरा इलाज म्हणजे दुसरा आरसी टप्पा उचलून एटीमेगाच्या बोर्डावर न्या. १० किलोओहम वायरच्या टोकाला, १ मायक्रोफॅरड एडीसी पिन आणि एटीमेगाच्या अ‍ॅनालॉग ग्राउंड पिनच्या मध्ये, जितका जवळ बसेल तितका. आता दोन ग्राउंडांतला फरकही त्याच रेझिस्टर-कपॅसिटरमधून जातो आणि गाळला जातो. तेच दोन पार्ट, तीच किंमत, फक्त जागा बदलली. एआरईएफ पिनवर १०० नॅनोफॅरड नसेल तर तोही लावा, कारण रेफरन्स हलला तर सिग्नल हलल्यासारखाच दिसतो. नवा बोर्ड काढणार असाल तर अँप्लिफायर आणि एडीसी एकाच बोर्डावर, एकाच ग्राउंड प्लेनवर घ्या.

स्कोप लावणार असाल तर एक खबरदारी. प्रोबची लांब ग्राउंड क्लिप स्वतःच एक लूप आहे आणि ड्राइव्हजवळ तिच्यात हवेतून स्पाइक येतात. मोजण्याआधी प्रोबचं टोक त्याच्याच क्लिपला टेकवा आणि ज्या ठिकाणी मोजायचं तिथेच धरून स्क्रीन पाहा. टोक स्वतःच्या ग्राउंडला टेकलेलं असताना जे दिसतं ते तुमच्या सर्किटमधलं नाही. क्लिप काढून टोकाची छोटी स्प्रिंग वापरली की चित्र बदलतं.

एडी६२० च्या आउटपुटवरचा १०० नॅनोफॅरड काढून टाका. अँप्लिफायरच्या आउटपुटचा स्वतःचा रेझिस्टन्स आणि हा कपॅसिटर मिळून फीडबॅकच्या आत एक उशीर तयार होतो, आणि निगेटिव्ह फीडबॅक उशिरा पोचला की ऑसिलेशन होतं. तिथे कपॅसिटरची गरजच नव्हती. इतरत्र कधी लागलाच तर आधी १०० ओहम सिरीजमध्ये टाका.

कपॅसिटर घेताना नुसतं ‘१ मायक्रोफॅरड द्या’ म्हणू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत तेवढंच सांगितलं तर जो हाताशी असेल तो मिळतो. वाय५व्ही सिरॅमिक असला तर तापमानाच्या रेंजमध्ये त्याची किंमत ८२ टक्क्यांपर्यंत पडू शकते. भट्टीजवळच्या पॅनेलमध्ये हे परवडणारं नाही. एक्स७आर तापमानाला बरा, १५ टक्क्यांच्या आत राहतो, पण त्याच्यावर डीसी व्होल्टेज आलं की त्याचीही किंमत घटते, आणि आकार जितका छोटा तितकी जास्त. १ मायक्रोफॅरड बॉक्स टाइप पॉलिएस्टर घ्या, १० नॅनोफॅरड सी०जी सिरॅमिक. बाजूचे दोन एकाच पट्टीतले घ्या, म्हणजे आपसांत जास्त जुळतात.

सॅलेन-की लावू का, असंही तुम्ही विचारलं आहे. १९५५ साली एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीत काम करणाऱ्या सॅलेन आणि की या दोघांनी मांडलेलं हे सर्किट उत्तम आहे, मी अनेक ठिकाणी वापरतो, पण इथे नको. त्यात एक कपॅसिटर इनपुटच्या बाजूने थेट ऑप-अँपच्या आउटपुटला जातो. वरच्या फ्रीक्वेन्सीला ऑप-अँपचा आउटपुट इंपिडन्स वाढतो, आणि नॉइज त्या कपॅसिटरमधून सरळ पलीकडे निघून जातो. कागदावर खाली जाणारी रेष प्रत्यक्षात मेगाहर्ट्झजवळ पुन्हा वर चढते. ड्राइव्हचा नॉइज नेमका तिथलाच, त्याला तुमचा साधा आरसी जास्त चांगला थोपवतो.

आधी फक्त इनपुटचा संच बसवा आणि ८ अंश गेले का पाहा. मग दुसरा टप्पा हलवा आणि लय पाहा. दोन्ही बदल एकदम केले तर कशाने काय गेलं ते कळणार नाही. थर्मोकपलची केबल मोटरच्या केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये असेल तर ती वेगळी काढा, आणि मोटरच्या केबलला शील्ड असेल तर तिचं शील्ड ड्राइव्ह आणि मोटर अशा दोन्ही टोकांना बांधा.

हे झालं की १० मायक्रोफॅरडच्या जागी परत १ मायक्रोफॅरड लावायला विसरू नका. १० च्या जोडीला बदल पूर्ण दाखवायला जवळजवळ दोन सेकंद लागतात, आणि तेवढ्या उशिराने आलेल्या तापमानावर पीआयडी कंट्रोलर हीटर चालवतो. १ लावल्यावर तोच उशीर पाव सेकंदाच्याही खाली येईल. त्यानंतर ऑटोट्यून पुन्हा चालवा, ब्लोअर सुरू ठेवून. आत्ताचे पीआयडीचे आकडे मंद आणि चुकीच्या रीडिंगवर बसवलेले आहेत.